माळ्यावरची गाणी खाली काढा

दिवाळीची साफसफाई निघाली की बहुतेक घरांत माळ्यावरून एक खोके खाली येते. त्यात धुळीने माखलेल्या कॅसेटी असतात, काहींच्या वेष्टनांवर निळ्या शाईत लिहिलेली गाण्यांची यादी असते, आणि क्वचित तळाशी जाड कागदी पाकिटांत चार-दोन तबकड्याही निघतात. वाजवायचे यंत्र केव्हाच बिघडलेले असते. मुले विचारतात, "हे भंगारात द्यायचे का?" आणि घरातील ज्येष्ठ मंडळी, कोणास अडचण नको म्हणून, "द्या" म्हणून मोकळी होतात.

वाचकहो, हा प्रश्न या वर्षी आपल्या घरी निघाला तर उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबा. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी मी गेली अनेक वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळजण नेवासे, पाथर्डी, पारनेर, शेवगाव अशा तालुक्यांतून कारखान्यांतील नोकरीसाठी आले आणि येथे व बोल्हेगाव-सावेडी परिसरात स्थायिक झाले. त्यांच्या रक्तदाबाविषयी आणि गुडघ्यांविषयी मी नेहमी विचारतो. अलीकडे आणखी एक प्रश्न विचारू लागलो आहे : "तरुणपणी कोणती गाणी ऐकत होता?" या प्रश्नाचे वैद्यकीय महत्त्व काय, आणि त्या खोक्याचे आपण काय करावे, हे या लेखात पाहू.

खोक्यात नेमके काय आहे?

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने गाणे साठवण्याची सगळी रूपे पाहिली आहेत. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. नंतर लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली ती मुख्यतः १९८० च्या दशकात. मग भीमसेन जोशींचे अभंग, प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची व भीमाची गाणी, सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या, शाहीर साबळे यांचे पोवाडे आणि अरुण दाते यांची भावगीते टेपरेकॉर्डरवर वाजू लागली.

या सर्वांत 'गीतरामायणा'चे उदाहरण बोलके आहे. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू केली. आठवड्याला एक याप्रमाणे सुमारे वर्षभर ती चालली आणि एकूण ५६ गीते झाली. रेडिओवर ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे अशा वेगवेगळ्या गायकांनी गायिली. पुढे तीच गीते बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात तबकड्यांवर व कॅसेटींवर आली. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांच्या मनातले गीतरामायण लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या अनेक आवाजांचे असू शकते, आणि त्यांच्या साठीतल्या पुतण्याच्या मनातले केवळ बाबूजींचे. रचना एकच, परंतु दोघांच्या आठवणीतील ध्वनी निराळे. ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढे ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

जुने गाणे इतके खोल का रुजते?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातील आठवणी सांगावयास लावल्या, तर त्यातील मोठा वाटा साधारण दहा ते तीस या वयातील निघतो, असे मानसशास्त्रज्ञांना अनेकदा आढळले आहे. शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल, गाव सोडणे हे सारे याच काळात घडते. त्या वेळी कानावर पडलेली गाणी या घटनांना चिकटून राहतात. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या व्यक्तीसाठी हा काळ साधारण १९५५ ते १९७५ असा येतो. आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी हे गणित कागदावर मांडून पाहा. त्यांची गाणी कोणत्या वर्षांत शोधावयाची, याचा अंदाज येईल.

दुसरे कारण मेंदूच्या रचनेत आहे. काल काय जेवलो हे लक्षात ठेवण्याचे काम मेंदूच्या ज्या भागाकडे आहे, त्यालाच अल्झायमर या विकारात आरंभी इजा होते. ओळखीचे गाणे मात्र मेंदूच्या अनेक भागांत विखरून साठवलेले असते. जर्मनीतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, दीर्घकाळ परिचित असलेल्या संगीताशी निगडित असे काही भाग अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरापर्यंत टिकून राहतात. नातवाचे नाव विसरलेल्या आजी संपूर्ण आरती न अडखळता म्हणतात, याचे एक कारण येथे सापडते.

तिसरे कारण अपेक्षेचे आहे. ज्यांनी एखादी कॅसेट शेकडो वेळा ऐकली आहे, त्यांना हा अनुभव असेल : एक गाणे संपते, मधली खरखर सुरू होते, आणि पुढचे गाणे लागण्यापूर्वीच त्याचा पहिला सूर मनात उमटतो. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये नेमका हाच क्षण तपासला. परिचित संग्रहातील दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, ऐकणाऱ्याच्या मेंदूतील हालचालींची आखणी करणारे भाग जागे होत असल्याचे त्यांना दिसले. आवडत्या संगीतातील उत्कट जागा जवळ येऊ लागताच मेंदूत डोपामिन हे आनंदाशी संबंधित रसायन स्रवते, हे कॅनडातील संशोधनाने २०११ मध्ये दाखविले आहे. म्हणून सुटे गाणे ऐकण्यापेक्षा जुना संग्रह त्याच क्रमाने ऐकण्यात एक वेगळे समाधान असते. पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक असते, आणि ते तसेच येते. ज्याला दिवसाचा बराचसा भाग अनोळखी वाटू लागला आहे, त्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

'त्यांना भजनेच आवडत असतील'

येथे एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कारखान्यात यंत्रावर तीस वर्षे काम केलेले एक गृहस्थ स्मृतिभ्रंशाने आजारी होते. दिवस मावळला की त्यांची अस्वस्थता वाढे. "पाळी बदलायची वेळ झाली" म्हणत ते दाराकडे जात, अडविले की चिडत, आणि अंघोळीला तर हातच लावू देत नसत. सून मनापासून सेवा करणारी. संगीताचा उपयोग होतो असे तिने कोठेतरी वाचले होते, म्हणून रोज संध्याकाळी ती मोबाइलवर भजने लावी. तात्या अधिकच त्रासून जात.

"डॉक्टर, गाण्याने काही होत नाही," असे ती मला म्हणाली. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या जरा संकोचून म्हणाल्या, "यांना भजनाची गोडी कधी नव्हतीच. पाळी सुटली की मित्रांबरोबर तमाशाला जायचे. घरी टेप होता तेव्हा लावण्या लावायचे. मीच नातवंडांसमोर नको म्हणून बंद केल्या."

त्या लावण्यांच्या कॅसेटी माळ्यावरच होत्या. त्या वाजण्याच्या स्थितीत नव्हत्या, पण वेष्टनांवरील नावे पाहून नातवाने तीच ध्वनिमुद्रणे मोबाइलवर शोधली. पहिल्या दिवशी तात्यांनी केवळ बोटांनी खाटेच्या कडेवर ठेका धरला. काही दिवसांनी अंघोळीपूर्वी दहा मिनिटे लावणी लावण्याचा प्रघात पडला आणि अंघोळ पुष्कळ सोपी झाली. आजार बरा झाला नाही, तो होणारही नव्हता. पुढील वर्षभरात त्यांची स्मृती आणखी खालावली. परंतु सासूबाई मला म्हणाल्या, "एवढ्या दिवसांनी ते माझ्याकडे बघून हसले." औषधांच्या चिठ्ठीवर अशा परिणामाची नोंद करण्यास जागा नसते.

यातून घेण्याचा बोध साधा आहे. वृद्ध म्हणजे भजन, असे आपण गृहीत धरतो. माणूस म्हातारा झाला तरी त्याची आवड त्याचीच असते. लावणी, भीमगीत, हिंदी चित्रपटगीत, कव्वाली, नाट्यपद, ख्रिस्ती गायने किंवा पोवाडा यांपैकी जे त्यांचे आहे तेच त्यांना द्यावे. आपल्या संकोचाचा भार त्यांच्यावर टाकू नये.

शास्त्र काय सांगते, आणि काय सांगत नाही

संगीताविषयी अतिशयोक्त दावे पुष्कळ केले जातात, म्हणून मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील संगीतोपचारांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला आहे. संगीतामुळे उदासीनता बहुधा कमी होते आणि वर्तनातील काही त्रास कमी होऊ शकतात, असा त्याचा सूर आहे. स्मरणशक्ती परत येते असा पुरावा मात्र नाही.

पक्षाघाताबाबत फिनलंडमधील २००८ चा एक अभ्यास उत्साहवर्धक आहे. पक्षाघातानंतर आरंभीचे दोन महिने ज्या रुग्णांनी रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकले, त्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली. त्यांची मनःस्थितीही बरी राहिली. अभ्यास लहान होता, रुग्ण साठच होते. परंतु या उपायाला खर्च नाही आणि योग्य काळजी घेतल्यास अपायही जवळजवळ नाही. म्हणून औषधे व व्यायामोपचार चालू ठेवून सोबत संगीत द्यावे, असे मी सुचवितो. औषध बंद करून गाणे, असा व्यवहार कदापि करू नये.

आणखी एक धोक्याची सूचना. वृद्ध व्यक्तीचा गोंधळ किंवा अस्वस्थता एक-दोन दिवसांत अचानक वाढली, तर गाणे लावून वाट पाहू नका. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, बद्धकोष्ठता, डोक्याला मार, नवे औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात. लगेच डॉक्टरांना दाखवा.

यादी कशी करावी?

ज्येष्ठ सांगू शकतात तोपर्यंत यादी करून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. स्मृती गेल्यावर नातेवाईक माझ्यासमोर बसून आठवू लागतात, आणि बहुधा कोणालाच नीटसे ठाऊक नसते. "आवडते गाणे कोणते?" असे विचारले तर उत्तर मिळत नाही. पुढीलप्रमाणे विचारून पाहावे :

– घरी किंवा गावात पहिला रेडिओ कोणाकडे आला? त्यावर काय लागे?
– लग्नाच्या मांडवात, जत्रेत, गणपतीत कोणती रेकॉर्ड वाजत असे?
– पहिल्या पगारातून किंवा बोनसमधून कोणती तबकडी अथवा कॅसेट घेतली?
– काम करताना, स्वयंपाक करताना काय गुणगुणत होता?
– सप्ताहात, काकड्याला, दिंडीत कोणते अभंग म्हणत असत?
– कोणते गाणे ऐकू नयेसे वाटते?

शेवटचा प्रश्न वगळू नका. एखाद्या गाण्याला मृत्यूची, वियोगाची किंवा अपमानाची आठवण चिकटलेली असते. स्मृती क्षीण झालेला माणूस दुःखाचे कारण सांगू शकत नाही, पण दुःख त्याला होतेच. डोळ्यांत पाणी येणे नेहमीच वाईट नसते. रडून झाल्यावर मन हलके झाले, बोलणे सुरू झाले तर काळजी नसावी. मात्र चेहरा आक्रसला, श्वास जलद झाला, हात झटकले, तर गाणे तत्काळ थांबवावे आणि ते यादीतून काढावे.

गाणे शोधताना मूळ ध्वनिमुद्रणच शोधा. नव्या गायकाने गायिलेली किंवा नव्या वाद्यमेळात बसविलेली आवृत्ती पुष्कळदा ओळखीची वाटत नाही. गीतरामायणाचे उदाहरण येथे आठवावे. शक्य असेल तर संपूर्ण संग्रह त्याच क्रमाने लावावा.

ऐकवताना घ्यावयाची काळजी

प्रथम कान तपासून घ्या. साधा मळ साचूनही ऐकू येणे कमी होते. वयोमानाने येणारा बहिरेपणा आधी उंच स्वरांवर परिणाम करतो. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळण्याजोगी जोखमीची कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आहे. श्रवणयंत्र असेल तर ते बोलण्यासाठी जुळविलेले असते. संगीतासाठी वेगळी जुळणी होऊ शकते का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारा.

आवाज बेताचा असावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानली आहे. घरगुती कसोटी अशी की, गाणे चालू असताना शेजारच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू आले पाहिजे.

एका वेळी वीस ते तीस मिनिटे पुरेत. दूरदर्शन बंद ठेवा. दिवसभर गाणी चालू राहिली तर त्यांचाही गोंगाट होतो. संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल, तर ती सुरू होण्यापूर्वी अर्धा तास गाणे लावा. कानाला लावायच्या यंत्राची वायर पायात येणार नाही हे पाहा. घसरून मोडलेल्या खुब्याचा उपचार फार कठीण असतो.

काही वृद्धांना, विशेषतः कमी ऐकू येणाऱ्यांना, कोठेही गाणे चालू नसता जुनी गाणी ऐकू येतात. ते वेड लागल्याचे लक्षण समजून लपवू नका. डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा श्रवणदोषावर उपाय केल्यास त्रास कमी होतो.

जुन्या कॅसेटी आणि तबकड्या हाताळताना

पावसाळ्यानंतर खोके उघडाल तेव्हा फितीवर पांढरी बुरशी आहे का ते पाहा. दमेकऱ्यांनी हे काम करू नये, इतरांनीही नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. बुरशीची फीत यंत्रात घालू नका. चांगली दिसणारी कॅसेट प्रथम पेन्सिल घालून हाताने हलकेच फिरवून पाहावी, ती अडत नसेल तरच वाजवावी. लाखेच्या जुन्या तबकड्या काचेप्रमाणे फुटतात. त्यांना स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. दुर्मीळ ध्वनिमुद्रण असेल, विशेषतः घरच्यांचे आवाज असलेली फीत असेल, तर जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करून घ्या. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांसाठी एवढी यातायात नको. जुन्या गाण्यांनी भरलेला रेडिओसारखा खटक्यांचा संच अनेक वृद्धांना मोबाइलपेक्षा सोयीचा पडतो.

ज्यांच्याकडे तबकडी कधीच नव्हती

आपल्या भागातील अनेक आजींकडे ना ग्रामोफोन होता, ना टेप. त्यांचा संग्रह जात्यावर बसून तयार झाला. हेमा राईरकर व गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांतील अनेक आज ध्वनिमुद्रणासह ऐकावयास मिळतात. आपल्या आजींना त्या ऐकवा आणि मग थांबा. बहुधा त्या आपली ओवी पुढे जोडतील. तेव्हा मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाचे बटण दाबावयास विसरू नका. हा संग्रह कोठल्याही दुकानात मिळणार नाही.

सेवा करणाऱ्या भगिनी-बंधूंसाठीही एक शब्द. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारे स्वतः हळूहळू मूक होत जातात. तुमचीही काही गाणी असतील, जी गेल्या दहा वर्षांत तुम्ही ऐकली नसतील. दिवसातील पंधरा मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवा. यात स्वार्थ नाही. थकलेल्या माणसाच्या हातून सेवा नीट होत नाही, हे मी रोज पाहतो.

या पंधरवड्यात एवढेच करा. एक कोरा कागद घ्या. घरातील ज्येष्ठांची दहा गाणी, गायकांची नावे, आणि ऐकवू नयेत अशी गाणी त्यावर लिहा. खाली आपलीही दहा लिहा. तो कागद रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रक्तगटाची नोंद असलेल्या फायलीत लावून ठेवा. पुढे केव्हा रुग्णालयात जावे लागले, परिचारिका अनोळखी असल्या, आणि रुग्णाला आपले नावही सांगता येत नसले, तर त्या फायलीतील एवढा एक कागद सांगेल की हा माणूस कोण आहे.